नव्या पानाची परीक्षा

शाळेची नवी इमारत बांधून झाली म्हणजे उद्घाटनास मान्यवर मंडळी येतात, फीत कापली जाते, आणि दुसऱ्या दिवशीं मुलें आंत शिरतात. दार कोठें आहे हें त्यांना कोणी सांगावें लागत नाहीं. घंटा कोठें टांगली आहे, पाण्याचा नळ कोणत्या बाजूस आहे, हेडमास्तरांची खोली टाळून जाण्याची वाट कोणती, हें सारें पहिल्या मधल्या सुटींतच त्यांना कळून चुकतें. चुकलाच एखादा नवखा, तर वरच्या वर्गांतील मुलगा त्याला हाताला धरून योग्य ठिकाणीं नेऊन बसवतो. परंतु गेल्या वीस-पंचवीस वर्षांत एक निराळ्याच प्रकारची शाळा निर्माण झाली आहे. तिला भिंती नाहींत. तिचा फळा, तिचा हजेरीपट, सूचनांचा फलक आणि उत्तरपत्रिकांचा गठ्ठा हें सर्व एका पानांत सामावलेलें असतें, आणि तें पान विद्यार्थी आपल्या घरीं, एकटा, बहुधा तळहाताएवढ्या स्क्रीनवर उघडतो. तेथें वाट चुकली तर हाताला धरणारें कोणी नसतें. या पानास अभ्यासक्रमाचें पान म्हणतात. त्याची मांडणी बदलली म्हणजे ती बदललेली मांडणी चांगली कीं वाईट हें कसें ओळखावें, हा या विवेचनाचा विषय आहे.

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे २०२३ पूर्वींचें औरंगाबाद, हें शिकणाऱ्यांचें शहर आहे. १९५० सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें येथें महाविद्यालय काढलें, १९५८ सालीं मराठवाड्याचें विद्यापीठ स्थापन झालें, आणि तेव्हांपासून कन्नड, सिल्लोड, वैजापूर, पैठण अशा तालुक्यांतील मुलें एस.टी.नें, सायकलीनें, प्रसंगीं पायींहि या शहराकडे येत आलीं आहेत. आज या विद्यापीठाच्या क्षेत्रांत छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव असे चार जिल्हे मोडतात. २०२० सालीं महामारीमुळें वर्ग बंद पडले तेव्हां यांपैकीं पुष्कळ मुलें आपापल्या गांवीं परतलीं, आणि ज्या अभ्यासासाठीं तीं शहरांत आलीं होतीं तो अभ्यासच त्यांच्या मागोमाग फोनवरून गांवीं जाऊं लागला. पुढें वर्ग पुन्हां भरले तरी ती वाट बुजली नाहीं. टिपणें, स्वाध्याय, चाचण्या, गुण यांचा कितीतरी व्यवहार आजहि अशा पानावरूनच चालतो.

हें काम करणाऱ्या सॉफ्टवेअरांपैकीं जगभर वापरलें जाणारें आणि विनामूल्य मिळणारें एक म्हणजे मूडल. मुंबईच्या आय.आय.टी.मध्यें तें वापरांत आहे. आणि ज्या लहानशा महाविद्यालयापाशीं एक सर्व्हर व एक उत्साही शिक्षक आहे त्यालाहि तें चालवतां येतें, कारण परवान्याचा खर्च पडत नाहीं. त्याचा कर्ता मार्टिन डुगियामस हा ऑस्ट्रेलियन गृहस्थ १९६९ सालीं जन्मला. त्याचें बालपण पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटांत, मोठ्या गांवापासून शेंकडों मैल दूर असलेल्या एका वस्तींत गेलें. तेथें त्याच्यासाठीं शाळेची इमारत नव्हती. धडे नभोवाणीवरून येत. ऑस्ट्रेलियांत १९५१ सालीं ॲलिस स्प्रिंग्ज येथें ‘स्कूल ऑफ दि एअर’ म्हणजे हवेंतील शाळा सुरू झाली होती, आणि तिच्या मुळाशीं आल्फ्रेड ट्रेगर यानें १९२९ च्या सुमारास सिद्ध केलेलें, सायकलीप्रमाणें पायडल मारून वीज निर्माण करणारें बिनतारी यंत्र होतें. याच पद्धतीनें शिकलेल्या मुलानें मोठेपणीं पर्थ शहरीं कर्टिन विद्यापीठांत काम करतांना मूडल रचण्यास आरंभ केला, आणि २० ऑगस्ट २००२ रोजीं त्याची पहिली पूर्ण आवृत्ति प्रसिद्ध झाली.

या हवेंतील शाळेचें एक वैशिष्ट्य श्रोत्यांनीं ध्यानांत घेण्याजोगें आहे. औरंगाबादेस नभोवाणी केंद्र निजामाच्या राजवटींतच सुरू झालें होतें. १९४७ सालीं संस्थानी प्रदेशांत जीं पांच केंद्रें होतीं त्यांतलें तें एक, आणि १९५० सालीं तें आकाशवाणीच्या ताब्यांत आलें. परंतु अशा केंद्रावरून वक्ता बोलतो आणि श्रोता ऐकतो. श्रोत्याला कांहीं समजलें नाहीं तर तें वक्त्यास कळण्याचा मार्ग नसतो. ऑस्ट्रेलियांतील त्या शाळेंत मात्र मुलाच्या हातींहि बोलण्याचें यंत्र असे. गुरुजींना मूल दिसत नसे, पण त्याचा आवाज ऐकूं येई. आणि ज्यानें कधीं वर्गावर शिकवलें आहे त्याला हें सांगावयास नको कीं, मूल गोंधळलें आहे हें त्याच्या उत्तरापूर्वीं त्याच्या आवाजावरून कळतें. संगणकाच्या पानाला ही सोय नाहीं. तें पान हजारों मुलांपुढें एकाच वेळीं उघडतें, आणि त्यांतलें कोण कोठें अडखळलें याचा आवाज पान रचणाऱ्याच्या कानीं येत नाहीं. नव्या पानाची परीक्षा घ्यावयाची ती हा हरवलेला आवाज पुन्हां ऐकूं यावा म्हणून.

मूडलच्या जुन्या पानाची रचना साधी होती. मधल्या रुंद भागांत अभ्यासक्रमाचे विभाग एकाखालीं एक मांडलेले असत: पहिला आठवडा, दुसरा आठवडा, किंवा पहिलें प्रकरण, दुसरें प्रकरण. प्रत्येक विभागांत टिपणें, चित्रफिती, स्वाध्याय, चाचण्या यांच्या ओळी. आणि बाजूस दिनदर्शिका, सूचना, जवळ आलेल्या तारखा अशा चौकटी. जून महिन्यांत हें पान आटोपशीर दिसे. दिवाळीपर्यंत तें मारुतीच्या शेपटाप्रमाणें वाढलेलें असे, आणि सोळाव्या आठवड्याचा स्वाध्याय शोधणाऱ्या मुलास आधींचे पंधरा आठवडे बोटानें वर ढकलावे लागत. एप्रिल २०२२ मध्यें मूडलची ४.० ही आवृत्ति प्रसिद्ध झाली तेव्हां या पानाचा कायापालट झाला. डाव्या हातास अनुक्रमणिका आली. पुस्तकास असते तशीच, पण पान कितीहि खालीं गेलें तरी जागेवर राहणारी. विभागांची घडी घालण्याची सोय झाली. अनुक्रमणिकेंत प्रत्येक कामाच्या नांवाशीं एक लहानसें वर्तुळ आलें, तें काम पुरें झालें कीं हिरवें होणारें. शिक्षकाच्या ज्या सोयी पूर्वीं दांतेरी चाकाच्या चिन्हामागें दडलेल्या असत त्या पानाच्या माथ्यावर उघड मांडल्या गेल्या.

कागदावर पाहतां या सुधारणांत नाकारण्यासारखें कांहींच नाहीं. परंतु मोबाईलवर ती अनुक्रमणिका आपण होऊन दिसत नाहीं. जागा अपुरी म्हणून ती मिटलेली असते आणि कडेच्या एका बारीक चिन्हावर बोट ठेवल्यावांचून उघडत नाहीं. म्हणजे जी सुधारणा संगणकापुढें बसलेल्या शिक्षकास पहिल्या क्षणीं दिसते, तीच फोन हातीं घेतलेल्या विद्यार्थ्यास कदाचित् वर्षभर दिसणारहि नाहीं. या शहराजवळच्या देवगिरीच्या किल्ल्यांत जी अंधारी आहे ती शत्रूनें वाट चुकावी म्हणून मुद्दाम खोदलेली आहे. अभ्यासक्रमाचें पान कोणी मुद्दाम तसें रचीत नाहीं. पण ज्यानें तें रचलें त्याला त्यांतला अंधार जाणवत नाहीं, कारण प्रत्येक वळण त्याला पाठ असतें.

मग नवें पान चांगलें कीं वाईट हें ठरवावें कसें? बहुतेक ठिकाणीं याचें उत्तर म्हणून सभा भरवतात. भिंतीवर पान मोठें करून दाखवतात. कोणी म्हणतो रंग भडक आहे, कोणी म्हणतो संस्थेचें बोधचिन्ह अजून थोडें मोठें हवें, आणि चहा झाला म्हणजे पान मंजूर होतें. या सभेंत ज्यानें कधीं त्या पानावरून स्वाध्याय पाठवला आहे असा एकहि माणूस नसतो. दुसरा उपाय प्रश्नावलीचा. ‘नवीन पान कसें वाटलें? उत्तम, चांगलें, बरें, वाईट.’ हा उपाय वरवर लोकशाहीचा दिसतो, पण त्यापासून मिळणारें ज्ञान फार थोडें. एक तर विद्यार्थी सरांनीं विचारलें म्हणून ‘छान आहे सर’ असें लिहितो. तें खोटें नसतें, ती रीतभात असते. घरीं आलेल्या पाहुण्यानें भाजी कशी झाली या प्रश्नाला जें उत्तर द्यावयाचें असतें तेंच तो देतो. दुसरें असें कीं, जें त्याला सांपडलेंच नाहीं त्याविषयीं तो मत काय देणार? मिटलेली अनुक्रमणिका ज्यानें कधीं उघडली नाहीं त्याच्या लेखीं ती नाहींच, आणि जी वस्तु नाहीं तिच्याविषयीं तक्रार संभवत नाहीं.

म्हणून जाणते लोक मत विचारीत नाहींत. काम सांगतात आणि पाहत बसतात. क्लेटन लुईस यानें १९८२ सालीं आय.बी.एम. कंपनीच्या संशोधनशाळेंत ही पद्धति संगणकाच्या कामांस लावून तिचें विवरण केलें. माणसास यंत्रापुढें बसवावयाचें, एक नेहमींचें काम द्यावयाचें, आणि तें करतांना मनांत जें येईल तें मोठ्यानें बोलावयास सांगावयाचें. हें बोलणें म्हणजे यंत्रावरचा अभिप्राय नव्हे. ‘आतां मी इथं बघतोय, इथं काहीतरी तारीख दिसतेय, ही कशाची कळेना’ असलें तें स्वगत असतें. पण हवेंतील शाळेच्या गुरुजींना जो आवाज ऐकूं येत असे तोच हा आवाज.

समजा, या शहरांतील एखाद्या महाविद्यालयानें जूनपूर्वीं अशी परीक्षा घ्यावयाची ठरवलें. लागणारें साहित्य म्हणजे एक शांत खोली, दोन खुर्च्या आणि मागें टिपून घेणाऱ्यासाठीं तिसरी. संगणककक्षांतला मोठा पडदा येथें उपयोगाचा नाहीं; विद्यार्थ्यानें स्वतःचाच फोन आणावा, तडा गेलेला असला तरी तोच, आणि महाविद्यालयाच्या वाय-फायवर नव्हे तर आपल्या नेहमींच्या डेटावर तो चालवावा. वर्गांतल्या हुशार मुलांना शक्य तों बोलावूं नये. संगणकाची आवड असलेला मुलगा कोणत्याहि पानांतून वाट काढतो. त्याच्या यशानें पानाची परीक्षा होत नाहीं, त्याचीच होते. आरंभीं एक वाक्य स्पष्टपणें बोलावयाचें: ‘परीक्षा या पानाची आहे, तुमची नाहीं, अडलांत तर दोष पानाचा.’ हें वाक्य म्हणणें सोपें, पण ज्या विद्यार्थ्यानें जन्मभर दुसऱ्या प्रकारच्याच परीक्षा दिल्या आहेत त्यास तें पटणें अवघड असतें.

काम चिठ्ठीवर लिहून द्यावें, आणि तें लिहितांना स्क्रीनवरचा एकहि शब्द वापरूं नये. ‘असाइनमेंट उघडून फाईल अपलोड करा’ असें लिहिलें कीं वाट दाखवून झालीच. त्याऐवजीं लिहावें: ‘मराठीचा निबंध वहींत लिहून झाला आहे. त्याचा फोटो फोनमध्यें आहे. तो सरांना मिळेल असें करा, आणि शेवटची तारीख कोणती तें सांगा.’

आतां कन्नडकडील एका गांवाहून येणारी बी.ए.ची एक विद्यार्थिनी या खुर्चीवर बसली आहे असें समजूं. ती लॉगिन करते. अभ्यासक्रम तिला सांपडतो. विभागांच्या घड्या घातलेल्या आहेत. ती पहिली उघडते, मग दुसरी, मग तिसरी, आणि चवथींत तिला निबंध दिसतो. येथवर दोन मिनिटें गेलीं. ती फोटो निवडते, ‘जतन करा’ या बटणावर बोट ठेवते, पान क्षणभर फिरतें आणि फोटोचें नांव पानावर उमटतें. ती फोन मांडीवर ठेवते आणि म्हणते, ‘झालं सर. गेला निबंध.’

निबंध गेलेला नसतो. मूडलमध्यें शिक्षकास अशी निवड करतां येते कीं, विद्यार्थ्यानें फाईल ठेवल्यावर ती आधीं मसुदा म्हणून राहावी आणि त्यानें आणखी एक बटण दाबून ‘सादर’ केल्यावरच ती पक्की व्हावी. हेतु चांगला असतो: मुलानें घाईंत चुकीचा कागद पाठवूं नये. ही निवड केलेली असतां पानावरच्या कोष्टकांत ‘मसुदा, सादर केलेला नाहीं’ अशा अर्थाची एक ओळ येते आणि सादर करण्याचें बटण वेगळें दिसतें. पण विद्यार्थिनीनें फोटोचें नांव पाहिलें आणि तिचें समाधान झालें. पुढील भागहि तितकाच महत्त्वाचा आहे. या प्रणालींत तारखा दोन असतात. एक देय तारीख. ती उलटली तरी काम घेतलें जातें, फक्त उशीर झाल्याची नोंद होते. दुसरी बंद होण्याची तारीख. ती उलटल्यावर दार लागतें. ही दुसरी तारीख गेली म्हणजे शिक्षक म्हणतो, ‘तुझा निबंध आलाच नाहीं’. मुलगी म्हणते, ‘सर, मी पाठवला होता’. आणि दोघेंहि आपापल्या समजुतीप्रमाणें खरेंच बोलत असतात. शाई, कागद, रात्रीचें जागरण हें सर्व खर्चून लिहिलेल्या निबंधाच्या जागीं शून्य पडतें.

आतां प्रश्न येतो कीं, हा दोष पानाच्या मांडणीचा कसा? तो असा. काम पुरें झालें कीं नाहीं हें सांगणारी खूण अभ्यासक्रमाच्या मुख्य पानावर असते. शिक्षकानें तशी योजना केली असेल तर निबंधाच्या ओळीपाशीं ‘सादर करणें बाकी’ अशा अर्थाचे शब्द राहतात, आणि अनुक्रमणिकेंतलें वर्तुळ रिकामें राहतें. मसुदा ठेवल्यानें तें हिरवें होत नाहीं. म्हणजे सत्य सांगणारा साक्षीदार हजर असतो. पण मोबाईलवर अनुक्रमणिका मिटलेली असते. साक्षीदार आंतल्या खोलींत आणि दाराला कडी. जुन्या लांबलचक पानांत तो रस्त्यावर उभा होता, हें जुन्या पानाच्या बाजूनें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे.

त्या खोलींत पुढें काय होतें तें पाहण्यासारखें आहे. शेजारीं बसलेल्या शिक्षकाचा हात आपोआप फोनकडे जातो. जन्मभर ज्यानें अडलेल्या मुलाला पुढचा शब्द सुचवला, त्याला गप्प बसणें ही शिक्षा वाटते. तरीहि त्यानें हात मागें घ्यावा. ‘इथं दाबू का सर?’ असें विद्यार्थिनीनें विचारलें तर उत्तर एकच: ‘सर जवळ नसते तर काय केलें असतें?’ बैठक संपल्यावर तिला खरी गोष्ट दाखवावी, आणि त्या वेळीं ती काय म्हणते तें जसेंच्या तसें लिहून घ्यावें. अशा वेळीं माणसें सहसा ‘हें पान वाईट आहे’ असें म्हणत नाहींत. ‘चुकलं माझं, मी नीट पाहिलं नाही’ असेंच तीं म्हणतात. नव्या पानाच्या परीक्षेची गरज याहून अधिक स्पष्टपणें दुसरें कांहींच सांगत नाहीं. ज्याच्यावर अन्याय झाला तोच आपल्याला दोषी समजतो, म्हणून तक्रारीची वाट पाहणाऱ्यास तक्रार कधींच येत नाहीं. टिपणांतहि ‘विद्यार्थिनी गोंधळली’ असें लिहूं नये. ‘जतन केल्यावर फोन खालीं ठेवला, मसुद्याची ओळ वाचली नाहीं, चार घड्या उघडल्या’ असें लिहावें. पहिलें वाक्य मुलीविषयीं आहे, दुसरें पानाविषयीं.

अशीं माणसें किती बोलवावीं? याकोब नील्सन आणि टॉमस लँडॉवर यांनीं १९९३ सालीं अनेक परीक्षांचा हिशेब मांडून दाखवलें कीं, एक माणूस सरासरीनें पानांतल्या शेंकडा ३१ अडचणी उघड करतो. दुसरा कांहीं नव्या दाखवतो, पण कांहीं पहिल्यानें दाखवलेल्याच. आणि पांच जणांपर्यंत शेंकडा ८५ च्या आसपास अडचणी हातीं लागतात. पुढें पुष्कळांनीं या हिशेबावर आक्षेप घेतले, आणि ते रास्तहि आहेत, कारण सर्व पानें सारखीं नसतात व सर्व माणसेंहि नसतात. परंतु गरीब संस्थेला त्यांतून मिळणारा दिलासा खरा आहे: शंभर जणांची वाट पाहत कांहींच न करण्यापेक्षां पांच जणांकडे नीट पाहिलेलें बरें. मात्र पांच जणांवरून ‘नवें पान जुन्यापेक्षां शेंकडा अमुक सरस’ असें बोलण्याचा मोह आवरला पाहिजे. अडचण कोठें आहे हें पांच जण सांगतात. किती जणांना आहे हें सांगण्यास मोठी संख्या लागते. आणि जुन्या-नव्याची तुलनाच करावयाची असेल तर निम्म्या लोकांस आधीं जुनें पान द्यावें व निम्म्यांस आधीं नवें. नाहींतर पहिल्या पानावर शिकलेलें दुसऱ्या पानाच्या खातीं जमा होतें.

या शहरांत मात्र पांचांचा एकच गट पुरेसा होणार नाहीं, आणि याचें कारण लिपि. औरंगाबादच्या भूमींत वली आणि सिराज यांच्यासारखे कवि झाले. येथें उर्दू वाचणारीं घरें आजहि पुष्कळ आहेत. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात, आणि मूडलमध्यें अशी भाषा निवडली कीं सारें पान आरशांतल्याप्रमाणें उलटतें: अनुक्रमणिका उजवीकडे जाते, बाण फिरतात. मराठी वाचणाऱ्यानें पसंत केलेलें पान उर्दू वाचणाऱ्यापुढें निराळेंच असतें, म्हणून त्याच्यासाठीं निराळे पांच जण हवेत.

मराठीच्याहि अडचणी आहेत. रोमन अक्षरांच्या मापानें ओळींमधलें अंतर ठरवलें तर वरची वेलांटी आणि खालचा उकार एकमेकांस खेटतात. इंग्रजींतला आंखूड शब्द मराठींत लांबतो आणि बटणाबाहेर सांडतो. मूडलचें मराठी भाषांतर स्वयंसेवकांच्या श्रमानें झालेलें आहे, पण तें सर्वत्र पोंचलेलें नसल्यामुळें एक ओळ मराठी आणि पुढची इंग्रजी असें मिश्रण दिसतें. आणि शब्द निवडावा कोणता? ‘स्वाध्याय’ हा शब्द सुंदर खरा, पण ज्या मुलीच्या तोंडीं ‘असाइनमेंट’ बसला आहे ती पानावर ‘असाइनमेंट’च शोधणार. ‘जतन करा’ हाच शब्द पाहा. मराठी माणूस पाणी जतन करतो, जुनी पत्रें जतन करतो; जतन केलेली वस्तु सुखरूप आहे अशी त्याची खात्री असते. त्या शब्दानेंच विद्यार्थिनीला फोन खालीं ठेवावयास सांगितलें, असें म्हटलें तर फारसें वावगें होणार नाहीं. भाषाशुद्धीचा अभिमान बाळगणाऱ्यांनीं या खोलींत एकदां येऊन बसावें.

नवख्याकडून आधीं तपासून घेण्याची ही रीति महाराष्ट्रास अपरिचित नाहीं. मुंबईच्या आय.आय.टी.नें प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखालीं चालवलेल्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ या उपक्रमांत संगणक शिकवणारे सुमारें दहा-दहा मिनिटांचे पाठ तयार होतात, आणि त्यांचा आवाज मराठीसह अनेक भारतीय भाषांत दिला जातो. तेथें पाठाची संहिता जाणकारानें तपासली म्हणजे संपलें असें नाहीं. विषय न जाणणाऱ्या नवख्या माणसाकडूनहि ती तपासून घेतात. जाणकार चुका पकडतो, नवखा गाळलेल्या पायऱ्या पकडतो. दोहोंची कामें निराळीं.

शिक्षकांचाहि एक गट असावा, कारण पान भरावयाचें त्यांनाच असतें. मात्र त्यांच्या पहिल्या आठवड्याच्या कुरकुरीस फार किंमत देऊं नये. ज्यानें दहा वर्षें जुनें पान वापरलें त्याचें बोट जुन्या जागीं जाणारच. ती मांडणीची चूक नसून संवयीची खोडी असते. महिन्यानंतरहि जी तक्रार टिकते ती खरी. शिक्षकांस सरावासाठीं मूडलनें स्वतःची एक मोकळी जागा ठेवली आहे. तेथें कोणीहि वाटेल तें पान रचावें, मोडावें, आणि दर तासाला सारें आपोआप पुसलें जाऊन जागा पुन्हां कोरी होते. पाटीवर शिकलेल्या पिढीला या सोयीचें मोल सांगावयास नको. परीक्षा मात्र तेथें न घेतां आपल्याच अभ्यासक्रमाची दुसरी प्रत काढून तिच्यावर घ्यावी, म्हणजे खऱ्या गुणांस धक्का लागत नाहीं. आणि सत्राच्या मध्यांत पान बदलूं नये. मे महिन्याची किंवा दिवाळीची सुटी त्यासाठींच आहे.

पांच बैठका झाल्या म्हणजे टिपणें एकत्र करावीं. वर सांगितलेल्या विद्यार्थिनीच्या बाबतींत दुरुस्त्या तीनच निघतात. चालूं आठवड्याचा विभाग घडी न घालतां उघडा ठेवावा. निबंध, चाचणी अशा कामांपाशीं पूर्णतेची खूण चालूं करावी, म्हणजे ‘बाकी’ हा शब्द मुख्य पानावर दिसेल. आणि मसुद्याची जादा पायरी शिक्षकास खरोखरच हवी आहे काय, हें त्याला विचारावें. पुष्कळदां ती कोणी जाणून निवडलेली नसते, मागच्या वर्षाच्या पानावरून उतरलेली असते. या तिन्ही दुरुस्त्यांना पैसा लागत नाहीं आणि एका दुपारींत त्या होतात.

त्यानंतर दुसरी बैठक. पहिलीस आलेल्यांना पुन्हां बोलवावयाचें नाहीं, कारण त्यांना आतां वळणें पाठ झालीं आहेत. नवे पांच जण, त्यांचे स्वतःचे फोन, तीच चिठ्ठी. निबंधाचा फोटो ठेवून झाल्यावर या वेळीं कोणी मुख्य पानावर परत येतो काय, ‘बाकी’ या शब्दावर त्याची नजर थांबते काय, आणि थांबल्यास तो फोन खालीं ठेवतो कीं आणखी एकदां बोट पुढें करतो, हें मागच्या खुर्चीवरील माणसानें पेन्सिलीनें लिहून घ्यावयाचें असतें.